वरचा स्लाइस उचलून बघणाऱ्या काकांबद्दल

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

फोर्टात आमच्या ऑफिसखाली सँडविचची गाडी आहे. एक वाजता रांग असते. आज माझ्यापुढे एक काका होते. सत्तरीचे असतील, इस्त्रीचा निळा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. साधं सँडविच घेतलं, "कापू नका" म्हणाले, आणि कागद बाजूच्या कठड्यावर ठेवून वरचा स्लाइस अलगद उचलला. एकावर एक चढलेल्या काकड्या सरकवल्या, टोमॅटोची एक चकती रिकाम्या कोपऱ्यात नेली, बीटाच्या दोन चकत्या काढून कागदाच्या कडेला ठेवल्या. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत.

माझ्यामागे दोन पोरं. एकानं मोबाईल काढून शूटिंगच सुरू केलं. "अंकल ऑपरेशन कर रहे हैं." दुसरा फिदीफिदी हसला. काकांनी ऐकलं. घाईघाईनं स्लाइस झाकला, कागद गुंडाळून पिशवीत टाकला आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागले. एक घास खाल्ला नाही त्यांनी. बीटाच्या दोन लाल चकत्या तेवढ्या कठड्यावर राहिल्या.

मी त्या पोराला चारचौघांत झापलं. डिलीट कर म्हटलं. केलं म्हणाला.

माझे बाबा असेच खायचे. रेल्वेत ड्राफ्ट्समन होते, आयुष्यभर रेघा सरळ मारल्या. सँडविच बाहेरचं असो की घरचं, उघडायचे आणि चकत्या कडेला कड लावून मांडायचे, प्रत्येक घासात सगळं आलं पाहिजे म्हणून. आई म्हणायची, "झाला का पंचनामा?" घरी करताना तर त्यांचा क्रम ठरलेला. आधी बटर, तेही पार कडेपर्यंत, मधे ठिपका टेकवून पुढे जायचं नाही. काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं, ब्रेड ते पितो आणि लगदा होतो. बटरचा थर ते अडवतो. बाबा त्याला वॉटरप्रूफिंग म्हणायचे. चटणी त्याच्यावर. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या ब्रेडला लागून, टोमॅटो बरोबर मधे. मसाला आणि मीठ खायच्या क्षणी, कारण मीठ लागलं की टोमॅटो रडायला लागतो. डब्यातलं सँडविच चार तासांनी उघडलं तरी कोरडं असायचं. मी आजही असंच करते. याला कुणी विक्षिप्तपणा म्हणणार असेल तर खुशाल म्हणो.

आणि सांगा मला, कोण सरळ खातं? माझी नणंद चारी बाजूंच्या कडा आधी कुरतडून संपवते, मग मधला मऊ चौकोन घेऊन गॅलरीत जाऊन बसते. ऑफिसातला एक जण चीज टोस्ट चहात बुडवतो. माझा मुलगा आत वेफर्स घालून तळहातानं दाबतो, कर्रर्र आवाज झाल्याशिवाय तोंडाला लावत नाही. शेजारच्या जैन वहिनी बटाट्याऐवजी कच्चं केळं उकडून घालतात आणि ते इतकं छान लागतं की मी मागून खाते. म्हापशाला मावसबहिणीचा नवरा उंड्याचा, म्हणजे गोव्याकडच्या गोल पावाचा, आतला गाभा आधी नुसता खातो, मग त्या पोकळीत भाजी भरतो. गाडीवरचे रोजचे लोक शेवटी एक सुका स्लाइस मागून त्यानं कागदावरची चटणी पुसून घेतात. ज्या इंग्रज उमरावावरून सँडविच हे नाव पडलं, त्याच्याबद्दल तर सांगतात की पत्त्यांच्या टेबलावरून उठायला लागू नये म्हणून त्यानं दोन स्लाइसमध्ये मांस घालून मागवलं. अडीचशे वर्षांपूर्वी त्याला कुणी हसून उठवलं असतं तर आपण डब्यात काय नेलं असतं?

हो, गाडीवर गर्दी असते, मागे लोक उपाशी उभे असतात, मान्य. पण काका बाजूला सरकून उभे होते ना.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. १९९६ साली मला बघायला आले होते. दादरच्या एका हॉटेलात भेटायचं ठरलं. मुलाकडच्यांनी सगळ्यांना सँडविच मागवलं. बाबांनी सवयीनं वरचा स्लाइस उचलला. मुलाची आई बघत राहिली. आणि मी, टेबलाखालून, बाबांना कोपरानं ढोसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्लाइस ठेवला आणि होतं तसं खाल्लं. एक शब्द बोलले नाहीत. ते स्थळ जमलं नाही ते नाहीच, पण त्यानंतर बाबांनी माझ्यासमोर कधी सँडविच उघडलं नाही. मला वाटायचं, सवय सुटली. बाबा गेल्यावर तेराव्याच्या संध्याकाळी आई म्हणाली, "सुटली कुठे? तू ऑफिसला गेलीस की उघडायचे की."

तेवीस वर्षं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीपासून लपून.

म्हणून आज त्या पोरावर एवढी ओरडले. खरं तर तो विशीतला पोरगा, मीही तेव्हा तेवढीच होते. ओरडताना त्याचा चेहरा पडला होता, ते आता लिहिताना आठवतंय. पण मोबाईल काढायला नको होता रे. मी कोपर मारलं ते टेबलाखाली तरी होतं, बघायला कुणी नव्हतं.

काकांना हाक मारायला हवी होती. ते फार हळू चालत होते, मी सहज गाठलं असतं. माझं सँडविच टोस्टरमध्ये होतं म्हणून थांबले.

त्या पोरानं खरंच डिलीट केलं असेल असं मला वाटत नाही. फोर्टातली गाडी, निळा शर्ट, कापडी पिशवी, सँडविच उघडणारे काका, असा व्हिडिओ तुमच्या कुठल्या ग्रुपवर आला तर कृपा करून पुढे पाठवू नका. आणि तुमच्यापैकी कुणाचे ते बाबा असतील, तर ते आज दुपारी जेवलेत का, तेवढं विचारा त्यांना.