टेकडीवरचा टायगर

“काही हरवलंय का?”

परवाच्या रविवारी वेताळ टेकडीवर मला हे चार जणांनी विचारलं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस भर उन्हात रुईच्या झुडपापुढे उकिडवा बसला, की त्याचं काहीतरी हरवलेलंच असतं, यावर पुण्याचं एकमत आहे. ताडोबात लोक पैसे मोजून जिप्सीत बसतात आणि तासन्‌तास झुडपांकडेच बघतात. त्यांना विचारा की कोणीतरी!

पाचवे काका विचारून पुढे गेले नाहीत. थांबले. पांढरेशुभ्र बूट, मार्चातही कानटोपी, हातात कुत्र्यांसाठी काठी.

“शूऽऽ! टायगर आहे,” मी म्हटलं.

काका दोन पावलं मागे. “बिबट्या म्हणायचंय का तुम्हाला?”

प्लेन टायगर हे फुलपाखरू आहे, ते रुईवर अंडी घालतं, अळी रुईचं विष अंगात मुरवते म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, असं सगळं मी कुजबुजत सांगितलं. काका बघायला वाकले. त्यांची सावली पडली. टायगर गेला.

“एवढंच?”

मला माझीच लाज वाटली, म्हणून जरा वजनदार माहिती काढली. म्हटलं, २०१५ पासून महाराष्ट्राला स्वतःचं राज्य फुलपाखरू आहे. नीलवंत. चांगलं तळहाताएवढं, काळ्यावर निळं.

“मग ते दाखवा ना. हे किरकोळ कशाला?”

जसं काही मी ते मागच्या खोलीत ठेवलं होतं.

मी खाणीतल्या पाण्याकडे निघालो. काकाही निघाले.

“आता काय?”

“चतुर शोधतोय.”

“मग टेकडी कशाला चढलात? मी समोर उभा आहे की!” आणि स्वतःच इतके खदखदून हसले, की काठावर पंख मिटून बसलेल्या दोन टाचण्या, म्हणजे चतुराच्या नाजूक बहिणी, उठून गेल्या. मग बालपण सुरू झालं. शेपटीला दोरा बांधून चतुर कसे उडवायचे, कोणाचा किती वेळ टिकायचा. मी तोंड वाईट केलं. दोरा मीही बांधलाय, पण ते यांना कशाला सांगा?

वाटेत एक पट्टा काळा ठिक्कर. दर उन्हाळ्यात कोणीतरी टेकडीवरचं गवत पेटवतं. अंडी, अळ्या, कोष, सगळ्यांची राख. त्या काडी ओढणाऱ्याला ‘काही हरवलंय का’ विचारायला त्या वेळी कोणी फिरायला आलेलं नसतं. चौकशा सगळ्या माझ्या वाट्याला.

पाण्याशी मी अर्धा तास पालथा पडून राहिलो. लालभडक चतुर येई, माझ्या लेन्सला वळसा घालून जाई. काका कंटाळून काठी आडवी धरून उभे. तो सरळ काठीच्या टोकावर जाऊन बसला. पंख पसरून, ऐटीत.

“बघा,” काका ओठ न हलवता म्हणाले, “चतुराला चतुर कळतो.”

मी कॅमेरा उचलला, तो उडाला. खाली केला, तो परत त्याच टोकावर. तीनदा. आवडती जागा सापडली की चतुर तिथेच परत येतो, हे मी काकांना सांगितलं नाही. श्रेय त्यांनी आधीच घेतलं होतं.

चौथ्यांदा फोटो मिळाला. काठीचं रबरी बूच अगदी सुस्पष्ट आलंय.

“मला पाठवा हं,” काका म्हणाले. “आणि कानटोपी काढून एक घ्या.”