‘जबडा सुजला तर’ या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देतो. आपले म्हणणे असे की, दाढा घरोघरी सुजतात आणि ती सूज दोन दिवसांत आपोआप उतरते; आपल्या मातोश्रींची सूजही हळदीचा लेप आणि गरम शेक यांनी उतरली; असे असताना श्वास कोंडण्याच्या आणि कर्करोगाच्या गोष्टी लिहिणे म्हणजे ‘लोकांना घाबरवून आपली खुर्ची भरती ठेवण्याचा धंदा’ आहे. शिवाय गालगुंडावर मी फार थोडे लिहिले, लसीचा उल्लेखही केला नाही, लेखाची भाषा बोजड आहे आणि दंतवैद्यांच्या फीविषयी मी मौन पाळले, असेही आपण नोंदवले आहे.

गालगुंडाविषयीची आपली सूचना मला मान्य आहे. कानाच्या पुढे आणि खाली येणारी, कानाची पाळी वर उचलणारी ती सूज लाळग्रंथीची असते, दाढेची नसते. सूज दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून ती आल्यानंतर पाच दिवसांपर्यंत मूल इतरांना संसर्ग देऊ शकते, म्हणून तेवढे दिवस त्याला शाळेत पाठवू नये. सरकारी लसीकरणात मिळणाऱ्या गोवर-रुबेला लसीत गालगुंडाचा समावेश नाही. त्यासाठी एमएमआर लस बालरोगतज्ज्ञांकडून वेगळी घ्यावी लागते. वयात आलेल्या मुलाला गालगुंड झाल्यावर वृषण सुजले, किंवा कोणाही रुग्णाची मान ताठ होऊन डोके असह्य दुखू लागले, तर थांबू नये. हे लेखात असायला हवे होते.

परंतु ‘धंदा’ या आरोपाचे काय करावे? माझा दवाखाना बंद होऊन बराच काळ लोटला आहे आणि लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात मी तसे लिहिले आहे. एखाद्या माणसाच्या हेतूवर जाहीरपणे शिंतोडे उडवण्यापूर्वी त्याने लिहिलेला पहिला परिच्छेद वाचण्याइतकी तसदी घ्यावी, एवढी अपेक्षा मी आपल्यासारख्या सुशिक्षित वाचकाकडून ठेवली तर ती फार आहे असे मला वाटत नाही. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी आयुष्य काढले. कारखान्याच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या यायच्या आणि त्यांच्यातील कितीतरी जणांकडून मी पैसे घेतले नाहीत. हे मी कधी कोणाला सांगत नाही. आपण सांगायला लावलेत.

त्याच टोळ्यांमधील एका तरुण बाईविषयी लिहितो, कारण ‘आपोआप उतरते’ हे आपले वाक्य वाचल्यापासून तिचा चेहरा डोळ्यांपुढून हललेला नाही. खालची दाढ किडलेली होती आणि मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर तिने दिवस काढले होते. ती आली तेव्हा तिला खुर्चीत मागे टेकता येईना. पुढे वाकून बसली होती आणि तोंडातून गळणारी लाळ सारखी पदराने टिपत होती. तोंड जेमतेम बोटभर उघडत होते, जीभ वर उचलली गेली होती आणि हनुवटीखालची त्वचा दोन्ही बाजूंनी लाकडासारखी टणक लागत होती. मी तिच्या दाढेला हातही लावला नाही. मिळेल त्या जीपने तिला जिल्हा रुग्णालयात पाठवले. तिथे गळ्याला छेद देऊन श्वासासाठी नळी घालावी लागली, पू काढावा लागला, आणि ती वाचली.

या आजाराचे वर्णन विल्हेल्म फ्रीडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने 1836 मध्ये केले आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. प्रतिजैविके येण्यापूर्वी त्याची लागण झालेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. खालच्या जबड्यातील मागच्या दाढांची मुळे बहुतेकदा तोंडाचा तळ तोलून धरणाऱ्या स्नायूच्या जोडरेषेच्या खालपर्यंत गेलेली असतात, त्यामुळे तिथला पू तोंडात न फुटता जबड्याखाली, मानेच्या दिशेने उतरू शकतो आणि जिभेला वर व मागे ढकलून श्वासाची वाट अडवतो. हे दर सुजलेल्या दाढेत घडत नाही, आणि घडते असे मी कुठेही लिहिलेले नाही. मी लिहिले ते इतकेच की गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, तोंडात दोन बोटेही उभी मावत नसतील, सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे सरकत असेल, तापाची हुडहुडी भरत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर त्याच क्षणी. मधुमेह असलेल्यांनी तर ही लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नये. यात घाबरवणे कोठे आले?

आता सूज उतरण्याविषयी. किडलेल्या दाढेच्या मुळाशी साचलेला पू हिरडीवर पुटकुळी होऊन फुटला की दाब जातो, ठणका थांबतो आणि सूज ओसरते. पण आतली मेलेली नस आणि जंतू तिथेच राहतात. मेडिकलवाल्याकडून आणलेल्या अर्ध्यामुर्ध्या प्रतिजैविकांनीही नेमके हेच होते. पुवाला वाट करून दिल्याशिवाय आणि रूट कॅनाल करून किंवा दाढ काढून मूळ कारण दूर केल्याशिवाय तो आजार बरा झाला असे म्हणता येत नाही. हनुवटीखाली न भरणाऱ्या गळवाला कित्येक महिने मलम लावत बसलेले लोक मी पाहिले आहेत. एक्स-रे काढल्यावर दोष खालच्या पुढच्या दातात सापडत असे. लाळेच्या नळीत खडा अडकला असेल तर जेवायला बसताच जबड्याखाली गोळा येतो आणि तासा-दोन तासांत मावळतो, तोही आपोआपच! म्हणून सूज उतरली हा आपण दिलेला पुरावा मला पुरावा वाटत नाही. मातोश्रींच्या दाढेचा एक एक्स-रे आपण काढून घ्यावा, हे मी मनापासून सांगतो. माझ्याकडे नव्हे, जवळच्या कोणत्याही दवाखान्यात. आणि पू झालेल्या दाढेवर गालाबाहेरून गरम शेक देऊ नये, हे आम्ही दंतवैद्य पूर्वीपासून सांगत आलो आहोत. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात, त्याला कोणाची हरकत नाही.

कर्करोगाचा उल्लेख आपल्याला विशेष खटकला. माझ्या सख्ख्या मामांचा खालचा जबडा एका बाजूने सुजला तेव्हा त्यांना अजिबात दुखत नव्हते. ते आयुष्यभर तंबाखू-चुना मळत आले होते. एक दाढ हलू लागली होती, ती एका ठिकाणी उपटून टाकण्यात आली, आणि ती जखम भरलीच नाही. खालचा ओठ बधिर वाटतो असे ते सांगत, पण त्याकडे घरात कोणी लक्ष दिले नाही. जखमेचा तुकडा तपासायला गेला तोपर्यंत मानेत गाठी आल्या होत्या. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरीही कोणत्याही एसटी स्थानकाबाहेर पुड्यांचा खच दिसतो. अशा राज्यात राहून, न दुखणारी सूज किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर तज्ज्ञाला दाखवा, असे लिहिणे आपल्याला आततायीपणा वाटत असेल, तर आपल्या मताचा मान राखूनही मी म्हणेन की आपण अशा रुग्णाच्या उशाशी कधी बसला नाहीत.

भाषेविषयीचे आपले मत आपल्यापाशी राहू द्या. ज्यांना लेख कळला त्यांनी तसे कळवले आहे. फीचा विषय मूळ लेखाचा नव्हता. ज्यांना खासगी खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालये आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

लसीविषयीचा मजकूर मूळ लेखात आज जोडला आहे. बाकी लेखातील एक ओळही मी बदलणार नाही. यापुढे आपण लिहाल ते वाचीन, मात्र माझ्या हेतूविषयी पुन्हा काही लिहिलेत तर त्याला उत्तर मिळणार नाही.