मुदत कोणी घालायची?

विधेयकावर किती दिवसांत निर्णय घ्यायचा, याची मुदत न्यायालय राज्यपालांना किंवा राष्ट्रपतींना घालू शकत नाही, असं मत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी दिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी अशी मुदत घातली होती. गिरगावातले माझे मामा या मतावर खूश आहेत. "न्यायालयानेच सगळं ठरवायचं, तर आमदार निवडायचे कशाला?" असं त्यांनी मला फोनवर सुनावलं.

मामांचं म्हणणं मला मान्य आहे. घटनेत नसलेले दिवस न्यायमूर्तींनी लिहू नयेत. पण कोणी कोणाच्या अंगणात पाय ठेवला, एवढ्यावरच आपण हा वाद घालत बसतो. मुंबईने गेल्या पाच-सहा वर्षांत सोसलं ते निराळंच. ज्याच्या हातात निर्णय होता, त्याने तो घेतलाच नाही.

नोव्हेंबर २०२०मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या सदस्यांची बारा नावं त्यांच्याकडे पाठवली. वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये सांगूनही यादी तशीच पडून राहिली. जून २०२२मध्ये सरकार पडलं आणि नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. त्याच जूनमध्ये शिवसेना फुटली. आमदारांच्या अपात्रतेचा निकाल विधानसभा अध्यक्षांनी दिला तो १० जानेवारी २०२४ला, तोही सर्वोच्च न्यायालयाने तारीख ठरवून दिल्यावर. त्याविरुद्धच्या याचिका प्रलंबित असतानाच विधानसभेची मुदत संपत आली आणि नवी निवडणूकही होऊन गेली.

महापालिकेची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते. खर्चाचे प्रस्ताव आयुक्तांनी आणायचे आणि स्थायी समितीने ते तपासायचे, प्रश्न विचारायचे, पटलं नाही तर अडवायचे, ही मुंबई महापालिकेची जुनी रीत. मार्च २०२२मध्ये २२७ नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. सभागृहाचे आणि स्थायी समितीचेही अधिकार त्यांच्याकडे गेले. मागणारा आणि मंजूर करणारा एकच. २०२५-२६चं ७४ हजार ४२७ कोटींचं अंदाजपत्रकसुद्धा असंच पार पडलं, एकाही नगरसेवकाने त्यावर तोंड न उघडता. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं घटनेत स्पष्ट लिहिलेलं असताना मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागांची संख्या यांवरच्या खटल्यांत ती वर्षं गेली. म्हणजे दिरंगाईत न्यायालयाचाही वाटा आहे, हे मामांना आणि मला दोघांनाही मान्य करावं लागतं.

मी राहतो त्या अमेरिकेत काँग्रेसने मंजूर केलेलं विधेयक अध्यक्षांकडे गेलं, की त्यांच्या हातात रविवार सोडून दहा दिवस असतात. सही करा, नाहीतर हरकती लिहून परत पाठवा. दोन्ही केलं नाही आणि काँग्रेसचं अधिवेशन चालू असेल, तर सहीवाचून कायदा होतो. ही मुदत कुठल्या न्यायाधीशाने घातलेली नाही, ती मूळ घटनेतच आहे. निवडणुकांनाही ठरलेला दिवस चुकत नाही. यादवी युद्ध पेटलेलं असतानाही १८६४ची निवडणूक वेळेवर झाली.

इथे सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. मार्च २०१६मध्ये अध्यक्ष ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. सिनेटने ते फेटाळलं नाही, सुनावणीच घेतली नाही. अध्यक्ष बदलले आणि जागा दुसऱ्याला मिळाली. सिनेटने किती दिवसांत ठरवायचं, हे घटनेत नाही. आपल्या बारा नावांची गत आठवावी, इतकं हे सारखं आहे.

तेव्हा न्यायालयाने मुदत घालायची नसेल, तर संसदेने घटनादुरुस्ती करून घालावी. राज्यपालांना दिवस मोजून द्यावेत. अपात्रतेचे अर्ज विधानसभा अध्यक्षांऐवजी कायमस्वरूपी न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये मणिपूरच्या खटल्यात सुचवलं होतं. ते मनावर घ्यावं. आणि महापालिकेची मुदत संपून निवडणूक झाली नसेल, तर प्रशासकाने केवळ रोजचा खर्च चालवावा, नव्या मोठ्या कंत्राटांना हात लावू नये, असा कायदा विधिमंडळाने करावा. मुंबईतून लोकसभेत सहा खासदार जातात, विधानसभेत छत्तीस आमदार. त्यांच्यापैकी एकाने तरी असं खासगी विधेयक मांडावं.