तो कटर फरशीसाठी आहे, मिस्त्री

गेल्या आठवड्यात तीन जणांनी मला एकच रील पाठवलं. एक सुतार मार्बल कटर उलटा करून प्लायच्या तुकड्याखाली बोल्टने आवळतो, फटीतून पातं वर काढतो, स्विच लॉक करतो आणि त्यावर पट्ट्या सरकवायला लागतो. खाली कौतुकाचा पाऊस. देसी दिमाग, जुगाड, शंभर तोफांची सलामी. पाठवणाऱ्या भाच्याने वर लिहिलं होतं, "मामा, तुम्ही उगाच एवढे पैसे घातलेत मशीनवर." त्या माणसाचा अंगठा पात्यापासून दोन बोटांवर होता आणि स्विच टेबलाखाली. काही झालं तर तो बंद कोण करणार, हे एकानेही विचारलं नव्हतं.

मी सुताराच्या घरातला. वडिलांचा सगळा जन्म करवत, रंधा आणि पटाशीत गेला, माझा बँकेत. निवृत्तीनंतर गच्चीवरच्या खोलीत लाकडाशी पुन्हा ओळख काढली. आणि हो, पहिली चार वर्षं मीही मार्बल कटरला लाकूड कापायचं चार इंची पातं लावूनच प्लाय कापला. सगळेच कापतात. शहरातल्या कुठल्याही फ्लॅटचं इंटीरियर चालू असेल तिथे जाऊन बघा, दहापैकी आठ-नऊ मिस्त्रींच्या हातात तोच असतो.

तर मुद्दा असा. तो कटर दगडासाठी बनवलेला आहे. फरशी कापणाऱ्या पात्याला दात नसतात, कडेला हिऱ्याची खर असते आणि ती दगड घासत जाते. लाकडाच्या पात्याला तीस-चाळीस टोकदार दात असतात आणि ते लाकूड पकडतात. पकडणाऱ्या पात्याचं मशीन वेगळं लागतं. त्याला सर्क्युलर सॉ म्हणतात, दुकानात वुड कटर म्हणून मागितली तरी मिळते.

आता हिशेब करू, बँकवाल्याची खोड. मार्बल कटरचं पातं ११० मिलिमीटरचं आणि मिनिटाला १३,००० च्या आसपास फेरे. म्हणजे दाताचं टोक ताशी साधारण २७० किलोमीटरने पळतं. सात इंची सॉचं पातं १८५ मिलिमीटरचं, फेरे पाच-साडेपाच हजार, वेग ताशी १९० च्या घरात. छोटं मशीन दिसायला गरीब, पण दात जास्त वेगाने पळवतं. त्यात लाकडाच्या प्रत्येक पात्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मशीनच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ते पातं त्या मशीनला लावायचंच नाही. हा आकडा वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

खरा फरक गार्डचा. सॉच्या खालच्या अंगाला स्प्रिंगचा गार्ड असतो. लाकडात शिरताना तो आपोआप मागे सरकतो, बाहेर आलं की पात्यावर परत येऊन बसतो. मार्बल कटरला फक्त वरचं अर्धं झाकण, खाली पातं उघडंच. स्विच सोडल्यावरही पातं काही सेकंद फिरत राहतं, आणि नेमक्या त्याच सेकंदांत आपण मशीन खाली ठेवतो. लेकीच्या नव्या फ्लॅटमध्ये मी तेच केलं. कटर चालत सुटला, नव्या कोऱ्या टाइलवर वीतभर चरा मारून माझ्या पायाजवळ येऊन थांबला. जावई काही बोलला नाही. तिथे आता कायमची कुंडी आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन मी सॉ घेतली. मार्बल कटर दोन-तीन हजारांत येतो, सॉ चार-पाच हजारांपासून पुढे. टाइल बदलायचा खर्च विचारून आलो होतो, त्यामुळे फार महाग वाटली नाही.

जाता जाता एक गंमत. हातात धरून चालवायची ही सॉ अमेरिकेत १९२० च्या दशकात एडमंड मिशेल नावाच्या माणसाने काढली, ती लुइझियानात ऊस तोडणाऱ्यांचे कोयते बघून. आधी त्याने कोयत्यालाच मोटर आणि गोल पातं जोडलं होतं. आमच्या सांगलीकडच्या माणसाला हे वाचून उगाच बरं वाटतं.

पण सॉ घेतली म्हणून सुटलो असं नाही. पहिल्याच महिन्यात तिने मला मागे मारलं. आठ बाय चारचा १९ एमएमचा प्लाय दोन स्टुलांवर आडवा टाकला होता आणि मधोमध कापत होतो. असा अख्खा प्लाय तीस किलोच्या वरचा. निम्म्यावर आल्यावर तो मधून वाकला, कापलेली फट मिटली, पातं चिमटलं आणि मशीन उसळून सरळ माझ्या दिशेने आलं. मी पात्याच्या रेषेत उभा नव्हतो, तेवढं नशीब. कापून गेली ती एक्स्टेन्शनची वायर.

तेव्हापासून प्लाय जमिनीवर. खाली चार पट्ट्या, दोन कापाच्या अल्याड, दोन पल्याड, म्हणजे दोन्ही तुकडे पडून राहतात आणि फट मिटत नाही. पातं प्लायच्या खाली पाच-सहा मिलिमीटर दिसेल एवढंच, पूर्ण बाहेर काढायची हौस नको. सुरू करताना दात लाकडाला टेकलेले नसावेत, आधी पूर्ण वेग घेऊ द्यायचा. मध्येच अडकलं तर चालू मशीन मागे ओढायची नाही, स्विच सोडायचा आणि पातं थांबेपर्यंत तसंच धरून ठेवायचं. चांगली बाजू खाली, कारण या पात्याचे दात खालून वर येतात आणि सनमायकाच्या कपच्या वरच्या अंगाला उडतात. मनगटातला गंडा, गळ्यातला गमछा, सैल हातमोजे, सगळं बाजूला. चष्मा आणि मास्क हवाच. लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९५ मध्येच नोंदवून ठेवलंय, आणि आपण "भुसाच आहे" म्हणून फुंकर मारतो.

आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर काम चालू आहे. परवा आवाज ऐकून वर गेलो. मिस्त्री हुशार, हात सफाईदार, पाय अनवाणी. त्याच्याकडे सॉ होती! मनात म्हटलं, वा. जवळ जाऊन बघतो तर खालचा गार्ड वर करून बाइंडिंग वायरने बांधलेला. वायरच्या टोकाला प्लग नाहीच, दोन तारा सॉकेटात काड्या खोचून बसवलेल्या.

"गार्ड का बांधलाय?"

"काका, गार्ड असला की रेघ दिसत नाय. आणि परतच येत नाय तो, अडकतो."

दुसरं कारण खरं होतं. मी प्लग कुठंय ते बघत राहिलो, त्याने काड्या काढल्या, आणि मग आम्ही दोघांनी गार्ड सोडवला. आत भुसा आणि चिकाचा लगदा. रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने पाच मिनिटांत साफ झाला, कोरडा पुसला, आणि खटकन परत यायला लागला. त्याने लगेच ऑइल मागितलं. मी नको म्हटलं. तेलावर भुसा बसतो आणि आठवड्यात पुन्हा तोच चिखल होतो. पात्यालाही तसाच चीक चिकटलेला होता. कडा काळी पडते, जळका वास येतो, जोर लावावा लागतो, तेव्हा आपण म्हणतो धार गेली. निम्म्या वेळा धार नसते गेलेली, दात फक्त माखलेले असतात. खरंच बोथट झालं असेल तर मात्र धार लावून आणायची किंवा नवं घ्यायचं, कारण जोराने ढकललेलं मशीन निसटतं तेव्हा त्याच्यामागे आपलं सगळं वजन असतं.

बाकी देखभाल म्हणाल तर फार नाही. मोटरच्या जाळीतून ब्लोअर मारा. आत ठिणग्या वाढल्या की कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे कोळशाचे दोन तुकडे, बघा, आणि बदलताना जोडीनेच बदला, नाहीतर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, जळतं आणि ते निम्म्या मशीनच्या किमतीचं असतं. खालच्या पत्र्यावर मेणबत्ती घासून ठेवली की सॉ लोण्यासारखी सरकते, पावसाळ्यात गंजही धरत नाही. रेघ दिसत नाही म्हणणाऱ्यांनी सरळ पट्टी क्लॅम्पने आवळून तिला मशीन टेकवून चालवावं, म्हणजे रेघेकडे बघत बसायची गरजच उरत नाही.

आता माझा राग मिस्त्रींवर नाही, आपल्यावर आहे. आपण लॅमिनेटचे शंभर नमुने बघतो, बिजागरी कुठल्या कंपनीची ते विचारतो. प्लाय कशाने कापणार, वीज कुठून घेणार, हे कोण विचारतं? स्क्वेअर फुटाचा रेट पाडून पाडून घ्यायचा, वर "गणपतीच्या आधी द्या" म्हणायचं, आणि त्याने गार्ड बांधला की तो अडाणी. काम सुरू व्हायच्या आधी त्याला जमिनीवर प्लाय पसरायला मोकळी जागा द्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून, धड प्लगची जाड वायर आपल्या पैशाने आणून द्या. एका वॉर्डरोबच्या हँडलांपेक्षा कमीत होतं हे सगळं.

वरच्या मिस्त्रीने मला एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "काका, ही चार किलोची. लॉफ्टमध्ये शिडीवर उभं राहून पट्टी छाटायची तर एका हातात कशी धरू?" मी म्हटलं, खाली उतरून काप. तो म्हणाला, दिवसातून चाळीस वेळा? मी गप्प बसलो. मग त्याच्याबरोबरचा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा म्हणाला, "मापं तुम्ही वरून सांगा, मी खाली कापून देतो." मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं, मग पायाकडे, आणि म्हणाला, "आधी चप्पल घाल."

स्वतः अजून अनवाणीच होता.