बर्फातला सूर्य: एका आक्षेपाला उत्तर

बर्फातल्या बेरिलियम-१०वरून (बेरिलियम या मूलद्रव्याच्या किरणोत्सारी प्रकारावरून) जुन्या काळी सूर्य किती सक्रिय होता ते कळतं, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की, बर्फातलं बेरिलियम-१० फार तर हिमवर्षावाचा हिशोब सांगेल, सूर्याचा नाही. आणि दुर्बिणीच्या आधीच्या सूर्याबद्दल बोलणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

पहिला मुद्दा निम्मा बरोबर आहे. बर्फ कमी पडला की तेवढंच बेरिलियम थोड्या बर्फात साठतं आणि प्रमाण उगाच फुगलेलं दिसतं. एकट्या ग्रीनलंडच्या गाभ्यावर (खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या दांड्यावर) म्हणूनच कुणी विसंबत नाही.

पण बेरिलियमला जोडीदार आहे. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेतल्या अणूंवर आदळले की बेरिलियम-१० बनतं आणि कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) सुद्धा. सूर्य जोरात असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र हे किरण अडवतं, मग दोन्ही कमी बनतात. पुढे त्यांच्या वाटा फुटतात. बेरिलियम हवेतल्या सूक्ष्म कणांना चिकटून वर्षा-दोन वर्षांत खाली येतं. कार्बन-१४ हवा, समुद्र, झाडं असा फिरत एखाद्या खोडाच्या वलयात अडकतो. आता ध्रुवावरच्या हिमवर्षावाचा त्या लाकडाशी काय संबंध? तरीही १६४५ ते १७१५ या काळात, दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग जेमतेम दिसत होते, म्हणजे सूर्य मंदावला होता तेव्हा, दोन्ही वाढलेले आहेत. डागांच्या नोंदी १६१०पासूनच्या. त्यांच्याशी ताडून पाहूनच त्यामागे जायचं, अंदाजाने नव्हे.

इ. स. ७७५चं उदाहरण तर मला फार आवडतं. जपानी सीडरच्या वलयांत कार्बन-१४ एकाएकी सुमारे १.२ टक्क्यांनी उसळल्याचं फुसा मियाके आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवलं. तशीच उसळी मग दोन्ही ध्रुवांकडच्या बर्फात मिळाली. (इथे मात्र उलटा प्रकार: बहुधा सूर्यानेच कणांचा भडिमार केला होता.) ग्रीनलंडच्या बर्फात तिची तारीख सुमारे सात वर्षं चुकीची निघाली, कारण थर मोजण्यातच गफलत होती. झाडांनी ती दुरुस्त करून दिली.

खरी अडचण तुम्ही विचारलीच नाही. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र दुबळं झालं तरी किरण वाढतात. सुमारे ४१,००० वर्षांपूर्वी तसंच झालं; बेरिलियम वाढलं, पण त्याचा दोष सूर्याकडे जात नाही. तेव्हा क्षेत्राचा हा वाटा, त्या काळच्या क्षेत्राची खूण जपणाऱ्या जुन्या लाव्हावरून आणि भाजलेल्या मातीवरून काढून वजा करावा लागतो. जितकं मागे जावं तितकी त्यात चूक शिरते. मूळ लेखात मी ‘गेल्या नऊ हजार वर्षांत सूर्य इतका सक्रिय कधीच नव्हता’ असं ठोकून दिलं होतं. ते वाक्य आज काढते आहे.