बटन दाबलं की नुसतं टक-टक-टक!

सकाळी वावरात जायची घाई, मोटरसायकलचं बटन दाबलं की टक-टक-टक. झालं, बॅटरी झोपली! मग पारावरची चार पोरं बोलवा, "धक्का मारा रे बाप्पा" म्हणा अन् गाडी पार मारुतीच्या देवळापर्यंत पळवा. काल दुसऱ्या गिअरात टाकून तीनदा क्लच सोडला. गाडीनं नुसता ढेकर दिला! किक? ती तर या गाडीला दिलीच नाही. अन् इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या गाडीला पेट्रोलचा पंप चालवायलाही बॅटरीच पाहिजे म्हणे. घ्या!

मेकॅनिक बॅटरीले मीटर लावतो. १२.६ पाहिजे तिथं ११.४ व्होल्ट. वर मलेच विचारतो, "भाऊ, गाडी उन्हात ठेवता काय?" अरे, मे महिन्यात ४५ डिग्रीत सावली आणू कुठून? निंबाखाली म्हैस बसली आहे, तिले उठवू? रात्री बॅटरी चार्जिंगले लावावी, तर लाईन गेलेली.

दुकानदारानं दिलेली बॅटरीची गॅरंटी तर विचारूच नका. "कार्ड आणलं?" आणलं. "शिक्का कुठं आहे?" लेका, शिक्का तूच मारला नाहीस ना!

आता गाडी उतारावरच लावतो. गावात उतार एकच, तोही सरपंचाच्या दारासमोर.