एलिनॉर थंड नव्हती आणि मॅरिॲनला पैसा नकोसा नव्हता

जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चा एक सारांश समाजमाध्यमांवर सारखा फिरत असतो. डॅशवुड घराण्यातल्या दोन बहिणी. कायद्यामुळे बापाचं घर सावत्र भावाकडे जातं आणि मुली उघड्यावर पडतात. थोरली एलिनॉर डोक्याने चालणारी, जरा कोरडीच. धाकटी मॅरिॲन भावनेच्या भरात जगणारी, पैशाला कस्पटासमान लेखणारी. धाकटी तोंडावर आपटते, थोरलीला तिच्या शहाणपणाचं फळ मिळतं. तात्पर्य: प्रेम करावं, पण बेताने. मार्गारेट नावाची तिसरी बहीणही आहे, पण तिच्यामुळे तात्पर्याची घडी विस्कटत असावी, म्हणून ती वगळली जाते.

कादंबरी १८११ची आहे. ती वाचली तर या सारांशातलं एकेक वाक्य गळून पडतं.

आधी कायदा. ऑस्टिनच्याच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये बेनेट बहिणींचं घर वारसाहक्काच्या बंधनामुळे दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार असतं, तीच गोष्ट इथे चिकटवली जाते. डॅशवुड मुलींवरचा अन्याय मात्र एका म्हाताऱ्या नातेवाइकाच्या मृत्युपत्राने केलेला आहे. वडिलांच्या या काकांची सेवा या मायलेकींनी वर्षानुवर्षं केली. पण सावत्र भाऊ जॉनचा चार वर्षांचा मुलगा अधूनमधून भेटीला यायचा, बोबडं बोलायचा, हट्ट करायचा, धिंगाणा घालायचा. म्हातारा तेवढ्यावर विरघळला आणि नॉरलंडची सगळी इस्टेट, वडिलांनंतर जॉनकडे जाईल अशी, त्या पोरासाठी बांधून गेला. तिन्ही मुलींना हजार-हजार पाउंड ठेवले, तेही मेहेरबानी म्हणून.

उरलेलं काम दुसऱ्या प्रकरणात होतं. मरणाऱ्या बापाला जॉनने बहिणींकडे बघण्याचा शब्द दिलेला असतो. मनाशी त्याने प्रत्येकीला हजार, म्हणजे एकूण तीन हजार पाउंड द्यायचं ठरवलेलं असतं. नॉरलंडमधून त्याला वर्षाला चार हजार मिळणार असतात, तेही आधीच्या उत्पन्नाशिवाय. म्हणजे देणं झालं एका वर्षाच्या उत्पन्नापेक्षाही कमी. पण बायको फॅनी बोलायला लागते. तीन हजारांचे दीड हजार होतात. मग सासूबाईंना वर्षाला शंभर पाउंडांचं वर्षासन द्यावं असं निघतं. त्यावर फॅनीचं म्हणणं असं की वर्षासन चालू झालं की माणसं मरायचं नावच घेत नाहीत, आणि सासूबाई तर धडधाकट, जेमतेम चाळिशीच्या! मग कधीमधी पन्नास पाउंड. शेवटी काय, तर सामान हलवायला मदत करू आणि हंगामात मासे नि शिकार पाठवू. एकदाही आवाज चढत नाही. दोघं शेवटपर्यंत स्वतःला उदारच समजतात. या सगळ्याला ‘कायदा’ म्हणून मोकळं होणं म्हणजे फॅनीवर फारच मोठा उपकार आहे.

मायलेकी चौघींकडे मिळून उरतात दहा हजार पाउंड, व्याज वर्षाला पाचशे. त्यावर त्या डेव्हनशायरमध्ये, बार्टनच्या छोट्या घरात राहायला जातात. हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा दावा त्याच्यावर आपटतो.

मॅरिॲनला पैशाशी देणंघेणं नाही, असं म्हणतात. तीही तसंच म्हणते: संपत्ती आणि थाटमाट यांचा सुखाशी काय संबंध? एलिनॉर म्हणते, थाटमाटाचा नसेल, पण पैशाचा बराच आहे. मॅरिॲन वैतागते. पोटापुरतं मिळालं की झालं, तिचं म्हणणं. मग पोटापुरतं म्हणजे किती, यावर बोलणं येतं. मॅरिॲनचं पोटापुरतं म्हणजे वर्षाला अठराशे ते दोन हजार पाउंड! एलिनॉर हसते; तिच्या लेखी एक हजार म्हणजेच श्रीमंती. मॅरिॲनकडे तपशीलही तयार आहे: पुरेसे नोकर, एक गाडी, कदाचित दोन, आणि शिकारीचे घोडे. शिकारीचे घोडे विलोबीच्या, म्हणजे तिचा ज्याच्यावर जीव जडलाय त्या तरुणाच्या, घरासाठी हवेत हे एलिनॉरला कळतं आणि ती गालातल्या गालात हसते.

हाच विलोबी तिला घोडा भेट देऊ करतो तेव्हाही ती आनंदाने हो म्हणते. एका घोड्यापाठी नोकर लागणार, त्या नोकराला आणखी एक घोडा लागणार, दोन्ही घोड्यांना तबेला लागणार, आणि हे सगळं आईच्या त्या पाचशेतून, हे एलिनॉरला सांगावं लागतं. पैशाचा विचार न करणं आणि पैसा नको असणं यात फरक आहे. मॅरिॲनला सगळं हवं आहे. फक्त त्याची किंमत कोणी मोठ्याने उच्चारू नये, एवढंच.

आता एलिनॉरचा कोरडेपणा. यात थोडा दोष १९९५च्या चित्रपटाचा आहे. त्यात एमा थॉम्पसन यांनी एलिनॉर उत्तम केली, पण तेव्हा त्या पस्तिशीत होत्या आणि कादंबरीतली एलिनॉर एकोणीस वर्षांची आहे. पोक्तपणाचं जे चित्र मनात बसलंय ते बरंचसं तिथलं. कादंबरी पहिल्याच प्रकरणात सांगते की तिच्या भावना तीव्र आहेत, तिला त्या आवरता येतात इतकंच.

पुढची तिची वागणूक बघा. तिचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या एडवर्डच्या (हा फॅनीचा भाऊ) बोटात केसांची बट गुंफलेली अंगठी दिसते. तो म्हणतो, बहिणीचे केस आहेत. एलिनॉरला मनोमन खात्री की ते आपलेच केस आहेत, याने आपल्या नकळत कसेतरी मिळवलेत! ही तुमची हिशोबी मुलगी. ते केस निघतात लूसी स्टीलचे, जिच्याशी एडवर्डचं चार वर्षांपूर्वीच गुपचूप लग्न ठरलेलं असतं. लूसी मुद्दाम एलिनॉरलाच ते गुपित सांगते आणि वचनात अडकवते. एलिनॉर चार महिने ते पोटात ठेवते, आणि त्याच काळात विलोबीने टाकलेल्या मॅरिॲनचे अश्रूही पुसते. शेवटी कळतं की लूसीने लग्न दुसऱ्याशीच केलंय, तेव्हा ती जवळजवळ पळतच खोलीबाहेर जाते आणि दार लागताच ढसाढसा रडते.

त्याहून बोलका प्रसंग क्लीव्हलंड या घरातल्या मुक्कामातला. मॅरिॲन तापाने फणफणलेली असताना विलोबी रात्री येऊन आपली बाजू मांडतो. पन्नास हजार पाउंडवाल्या मिस ग्रेशी लग्न करून बसलेला, मॅरिॲनवर मनापासून प्रेम करणाऱ्या कर्नल ब्रँडनच्या पाल्य मुलीला फसवून सोडून देणारा हा माणूस. त्याच्याबद्दल एलिनॉरला इतकी कणव येते की तो विधुर व्हावा असं क्षणभर तिच्या मनात येऊन जातं. मग ब्रँडन आठवतो आणि ती स्वतःला दटावते.

मॅरिॲनला शिक्षा आणि एलिनॉरला बक्षीस, या दाव्यात अर्धं तथ्य आहे. पस्तिशी ओलांडलेल्या, फ्लॅनेलचा वेस्टकोट घालण्याच्या वयाचा म्हणून ज्याची थट्टा तिनेच केली त्या ब्रँडनशी मॅरिॲन एकोणिसाव्या वर्षी लग्न करते. घरच्या सगळ्यांनी एकमताने तिला त्याच्या दुःखाचं बक्षीस ठरवलेलं असतं. असं ऑस्टिन स्वतःच लिहिते, आणि ते वाचताना आजही अस्वस्थ वाटतं; मला हा शेवट कधीच पटलेला नाही. पण हिशोब मांडून बघा. ब्रँडनचं उत्पन्न वर्षाला दोन हजार. मॅरिॲनचं ‘पोटापुरतं’ तिला तंतोतंत मिळालं. आणि शहाणी एलिनॉर? ती आपल्या पहिल्या नि एकमेव प्रेमाशी लग्न करते. एडवर्डला आईने बेदखल केलेलं, पदरात ब्रँडनने दिलेली छोटी पाद्र्याची जागा, दोघांचं मिळून वर्षाला साडेतीनशे. आईने पुढे कुरकुरत दहा हजार पाउंड दिले, तरी व्याज धरून ते हजाराच्या आतच राहतात.

सामाजिक शिडीवर खरी चढते ती लूसी. एडवर्डचा वारसा त्याच्या धाकट्या भावाला, रॉबर्टला मिळाल्याबरोबर ती रॉबर्टशी लग्न उरकते. बेताने प्रेम करणारी बाई शोधायचीच असेल तर ती हीच. तिची बहीण नॅन्सी तोंडाळ नि भोळी. गुपित फोडलं तेही तिनेच. पळून जाण्याआधी लूसीने तिच्याकडचे सगळे पैसे उसने घेतले, आणि मागे राहिलेल्या नॅन्सीजवळ सात शिलिंगही उरले नव्हते. सासूबाईंची मात्र थोड्याच दिवसांत लूसी लाडकी सून झाली.